तिसऱ्या ओळीतली नऊ चित्रं

१

काल संध्याकाळी भिंतीवर साठ चित्रं होती. आज सकाळी एकोणसाठ.

मिस्त्रीने तीनदा मोजली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि एकदा डोळे मिटून, नुसती आठवणीने. तिन्ही वेळा एकोणसाठच. मग तो चार-चार पायऱ्या एका ढांगेत टाकत खाली आला आणि रेकॉर्ड रूमच्या दारात धापा टाकत उभा राहिला.

"बाई, एक गेलं!"

रेकॉर्डबाईंचा चहाचा कप ओठांशीच थांबला. त्यांच्या वयात असं कुणी म्हटलं की आधी माणसंच आठवतात. "कोण गेलं रे?"

"माणूस नाही हो, चित्र! तिसऱ्या ओळीतलं."

"असं सरळ सांगावं की मेल्या. माझाच नंबर लावतोस आज."

हे होतं आर्किटेक्चरचं कॉलेज. जागा चाळीस, अर्ज नऊशे. एका खुर्चीवर तेवीस जणांनी एकदम बसायचं म्हटलं तर खुर्चीची जी गत होईल, तीच दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत या कॉलेजची व्हायची. इथे बारावीच्या मार्कांवर प्रवेश नव्हता. तीन तास, एक कागद, एक चित्र. या वर्षीचा विषय होता, ‘तुम्ही झोपता ती खोली, आठवणीने काढा.’ कागदावर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते रेकॉर्डबाईंच्या कपाटातल्या वहीत, आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. झोपेतसुद्धा त्या कुशीवर वळल्या तर आधी किल्ली वळायची, असं लोक म्हणायचे.

नऊशेतली साठ चित्रं निवडून वरच्या हॉलमध्ये लावलेली होती. आज तीन वाजता तिन्ही परीक्षक एकत्र बसून त्यांतली चाळीस काढणार आणि पाच वाजता यादी लागणार.

"नंबर कुठला गेला?" बाईंनी विचारलं.

"चारशे सतरा."

बाईंनी कप खाली ठेवला. चारशे सतरा त्यांना पाठ होता. परीक्षेच्या दिवशी ती मुलगी पट्टीऐवजी फरशीची एक लांबट कातरण घेऊन आली होती. "आजी, हिने रेघ मारली तर चालेल का?" असं तिने विचारलं होतं आणि बाईंनी आपल्या टेबलावरची पट्टी काढून दिली होती.

आणि तीच मुलगी या घटकेला खाली जिन्याजवळच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली होती. यादी लागायला अजून सात तास होते.

"एवढ्या लवकर आलीस ग?" बाईंनी मघाशी येताना विचारलं होतं.

"घरी बसवेना, आजी. यादीत आले नाही तर उद्यापासून काकांच्या फरशीच्या दुकानात बसायचं आहे."

"पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे."

"काका म्हणाले, एकदाच. वर्षभर पेन्सिली दिल्या त्यांनी. आता गिऱ्हाईक बघ म्हणाले."

चित्र नाही तर गुण नाहीत. गुण नाहीत तर यादी नाही. बाई उठल्या. चौतीस वर्षं त्यांनी या कॉलेजात कागद सांभाळले होते आणि एकही कागद हरवला नव्हता. राग तर आलाच. पण खोटं कशाला सांगा, मनातून थोडी गंमतही वाटली. इतकी वर्षं फायली लावणाऱ्या बाईकडे शेवटी एक रहस्य चालून आलं होतं.

ती गंमत वाटायला नको होती.

२

हॉलमध्ये चित्रांच्या सहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत दहा. फक्त तिसरीत नऊ.

"भोक कुठेय?" बाई म्हणाल्या. "दहातलं एक गेलं तर मध्ये रिकामी जागा दिसायला हवी. इथे तर नऊच्या नऊ कशी सारख्या अंतरावर."

मिस्त्री भिंतीला नाक लावून बघू लागला. "बाई, टाचण्यांची जुनी भोकं बघा. हे चित्र चार बोटं सरकवलंय. हे सहा बोटं. सगळी ओळच काढून पुन्हा लावलीय!"

"म्हणजे चोराने चोरी केली आणि मग बसून ओळ नीट केली?"

"नीट कसली! माझ्या दोरीची वाट लावली." मिस्त्रीचा अपमान झाला होता. "मी दोरी ताणतो आणि वरची कड दोरीला लावतो. काही पोरांनी कागद उभा धरलाय, काहींनी आडवा. पण वरून सगळे एका रेषेत. आता ही ओळ बघा."

तिसऱ्या ओळीत उभे कागद आडव्यांपेक्षा वरूनही डोकावत होते आणि खालूनही, दोन्हीकडे सारखेच. कुणीतरी प्रत्येक कागदाचा मध्य एका रेषेत आणला होता.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाहेरचा चोर असता तर कागद ओढून पळाला असता. गेलेल्या कागदाची जागा डोळ्यांना खुपते म्हणून उरलेले नऊ काढून पुन्हा लावत बसेल, असा माणूस जगात एकाच धंद्यात सापडतो."

काल संध्याकाळी तिन्ही परीक्षक अर्धा-अर्धा तास एकेकटे चित्रांसमोर बसून गेले होते. तशी पद्धतच होती; कोण आधी, कोण नंतर, याची नोंद नसायची. त्यानंतर हॉलला कुलूप. म्हणजे तिघांतलाच एक.

बाईंनी कुलूप घातलं, वर चिकटपट्टी लावून सही ठोकली. वळतात तो समोर मोठे सर. कॉलेजचे प्रमुख, तिघांतले एक परीक्षक, केस पांढरेशुभ्र, खांद्याला कागद ठेवायची नळी.

"बाई, दोन मिनिटं हॉल उघडता का? माझा चष्मा आत राहिलाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सर, काखेत कळसा नि गावाला वळसा. चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

सरांनी कपाळाला हात लावला. हसले. ते हसू गालापर्यंत काही पोचलं नाही.

"एक चित्र चोरीला गेलंय, सर. आता तीन वाजेपर्यंत हॉलमध्ये वारासुद्धा जाणार नाही."

सर काही बोलायला गेले, आणि तसेच परत फिरले.

३

पहिल्या परीक्षक म्हणजे बांधकाम शिकवणाऱ्या मॅडम. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. त्यांचा भाचा या वर्षी परीक्षेला बसला होता हे कॉलेजातल्या कबुतरांनासुद्धा माहीत होतं.

"भाच्यासाठी मी चित्र चोरलं, असं विचारायला आलात ना?" मॅडम म्हणाल्या. "विचारा. लाजू नका."

"छे, मी आपली सहज आले."

"तुम्ही सहज तर पाणीसुद्धा पीत नाही, बाई. भाचा पहिल्याच चाळणीत गळाला. खोली काढली, पडदे काढले, पंखा काढला आणि पलंगच विसरला. झोपतो कुठे, पंख्यावर?"

बाई हसल्या, पण डोळे भिंतीवर होते. भिंतीवर पुलांचे लहानमोठे फोटो. वरून सगळे खालीवर, पण खालच्या कडा आखल्यासारख्या एका रेषेत.

"फोटो छान लावलेत."

"खालून सरळ. माझा नियमच आहे. जगात सगळं खालून वर उभं राहतं. वरून लोंबकळतात ती वटवाघळं."

दुसरे परीक्षक बाहेरून आलेले आर्किटेक्ट. बारा महिने काळा शर्ट घालायचे, म्हणून त्यांचं नाव काळा शर्ट. ते पाहुण्यांच्या खोलीत होते. टेबलावर कागदांचा ढीग, जमिनीवर ढीग, खुर्चीवरही ढीग, आणि भिंत कोरी करकरीत.

"भिंतीवर काही नाही लावलंत?"

"भिंतीला खिळा मारणं म्हणजे भिंतीचा अपमान. मी आयुष्यात एक चित्र टांगलेलं नाही."

"चारशे सतरा आठवतं का, साहेब?"

"ते खुराडं?" काळा शर्ट फटकन म्हणाला. "विसरेन कसा! खोली नाहीच ती. कोंबडीसुद्धा तक्रार करेल."

बाईंनी मनात खूणगाठ बांधली. या माणसाला ते चित्र डोळ्यांसमोर नको होतं. पण ज्याला स्वतःचं टेबल सरळ ठेवता येत नाही, तो नऊ कागदांचे मध्य जुळवत बसेल?

बाईंनी ते चित्र परीक्षेच्या दिवशी कागद गोळा करताना पाहिलं होतं. बाकीच्या पोरांच्या खोल्यांना ही मोठी खिडकी, वाऱ्यावर उडणारे पडदे, टेबलावर फूल. हिच्या खोलीला खिडकीच नव्हती. अंथरूण तीन भिंतींना टेकलेलं. डोक्यावर फळी, फळीवर डबे. दार बोटभर उघडं, आणि त्या फटीतून येणारा उजेड अंथरुणावर आडवा पडलेला. तेवढा उजेड सोडून सगळा कागद पेन्सिलीने काळा केलेला. कोपऱ्यात माप लिहिलं होतं, सहा फूट बाय पाच.

४

मोठ्या सरांच्या खोलीत पाऊल टाकताच बाईंची नजर भिंतीवर गेली, आणि तिथेच चिकटली.

आठ चौकटी. कुठली उभी, कुठली आडवी. उभ्या चौकटी वरूनही डोकावत होत्या आणि खालूनही. सगळ्यांचे मध्य एका रेषेत.

"बसा ना," सर म्हणाले.

बाई बसल्या नाहीत. मधल्या चौकटीत एका वसाहतीचा फोटो होता. पांढऱ्या, सरळसोट इमारती, समोरून एकही रेघ वाकडी नाही. शेजारी पदक आणि घराचा नकाशा.

"ही तुमची ना, सर? बक्षीस मिळालेली?"

"चारशे घरं. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो."

बाईंनी पदर सावरल्यासारखं केलं आणि नकाशाजवळ वाकल्या. बाहेरची खोली. स्वयंपाकघर. मोरी. आणि स्वयंपाकघर नि मोरीच्या मध्ये एक चौकोन. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सामान, सहा बाय पाच’. चौकोनाला दार होतं. खिडकी नव्हती.

मुलीचा अर्ज बाईंनी मघाशीच कपाटातून काढून पाहिला होता. पत्ता होता याच वसाहतीचा, चौथी इमारत.

सगळं जुळलं. इतकं फटाफट जुळलं की बाईंना आपल्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

"बाई," सर हळूच म्हणाले. ते नळीच्या पट्ट्याशी चाळा करत होते. "दार लोटून घेता का? तुम्हाला एक सांगायचं होतं."

दुपारचे अडीच वाजले होते. खोलीत दोघंच. दार लोटायला किती वेळ लागतो?

पण बाईंच्या डोळ्यांसमोर हॉल होता. तिघं परीक्षक खुर्च्यांवर, मिस्त्री दारात, आणि मध्ये आपण. चौतीस वर्षं या लोकांनी त्यांना "बाई, ती फाईल" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"तीन वाजता सांगा, सर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

५

वर जाण्याआधी बाईंनी रोजची नोंदवही उघडली. या वहीची पानं छापील नंबरांची, म्हणजे एक फाडलं तर सगळ्या प्रवेशांवर संशय येणार. बाईंनी ठसठशीत शाईने लिहिलं: ‘क्र. ४१७ चा कागद काल सायंकाळी हॉलबाहेर नेण्यात आला.’ खाली सही केली. साक्षीदार म्हणून मिस्त्रीची घेतली. अक्षर इतकं सुंदर आलं की त्यांनी ते दोनदा वाचलं.

हॉलमध्ये त्या काय बोलल्या म्हणून सांगू! दोरीपासून सुरुवात केली. टाचण्यांची भोकं दाखवली. मॅडमच्या पुलांची खालची कड सांगितली, काळ्या शर्टाचा ढीग सांगितला. ढीग ऐकून मॅडम हसल्या. मग बाई थांबल्या, मिस्त्रीला पाणी आणायला लावलं, घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणि एका भिंतीवर आठ चौकटींचे मध्य एका रेषेत आहेत."

कुणी हसलं नाही.

मोठ्या सरांनी खांद्यावरची नळी काढली, झाकण उघडलं आणि कागद बाहेर काढून टेबलावर पसरला. तशातही कागदाची कड टेबलाच्या कडेला समांतर लावली. सवय, दुसरं काय.

"मी नकाशात ‘सामान’ लिहिलं होतं," ते म्हणाले. "खिडकी देता आली असती. पण ती समोरच्या बाजूला आली असती आणि दर्शनी भिंतीची रेघ मोडली असती. मी म्हटलं, सामानाला कशाला हवी खिडकी? त्या रेघेसाठीच पदक मिळालं."

"आणि हे चित्र?" मॅडमनी विचारलं.

"काल सगळ्यांत शेवटी माझी पाळी आली तेव्हा दिसलं. माप वाचलं. पोरगी तिथे झोपते हो. सामान म्हणून. तुमच्यासमोर ते भिंतीवर बघवेना मला. घेऊन गेलो. घरी गेल्यावर कळलं, मी काय करून बसलो." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "सकाळी परत लावायलाच आलो होतो. चष्म्याचं निमित्त काढून."

बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एक रेघ मारलेली नाही त्यावर मी," सर म्हणाले. "मला काढा, लिहून घ्या, काय हवं ते करा. तिला गुण द्या."

काळा शर्ट कागदावर वाकून उभा होता. "गुण दिलेत मी कालच. दहापैकी दहा."

"तुम्ही तर खुराडं म्हणालात!" बाई म्हणाल्या.

"खुराडंच आहे. म्हणून तर दहा. बाकीच्यांनी मासिकातल्या खोल्या काढल्या, हिने खरी काढली. तो दाराचा उजेड बघा. मला अजून असा काढता येत नाही."

"मी नऊ दिले होते," मॅडम म्हणाल्या. "पहिलीच आली असती ती. पण कागद बाहेर गेला होता." त्या बाईंकडे वळल्या. "नियम तुमचाच ना, बाई?"

बाईंचाच होता, आणि चोर पकडायच्या नादात त्यांनाच तो आठवला नव्हता. सात वर्षांपूर्वी एक कागद कुणाच्या तरी मामाबरोबर घरी गेला आणि परत आला तो दोन झाडं आणि एक पोहण्याचा तलाव घेऊन. तेव्हा बाईंनीच भांडून नियम लिहून घेतला होता: कागद हॉलच्या दाराबाहेर गेला की बाद. कारण विचारायचं नाही.

"आपण पाच जण आहोत," काळा शर्ट हळूच म्हणाला. "हा कागद आत्ता भिंतीवर लावला, तर कुणाला कळणार आहे?"

मिस्त्री टाचण्या घेऊन पुढेसुद्धा झाला. बिचारा दोरी काढत होता खिशातून.

"वहीत," बाई म्हणाल्या. "वहीत लिहिलंय मी."

"शाईने?"

"शाईने. सहीसकट."

मॅडमनी डोळे मिटले. काळा शर्ट खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि तिकडे तोंड करूनच म्हणाला, "बाई, ओळखलंत कसं ते झकास. पण सरांना एकट्याला गाठून कागद मागून घेतला असतात, तर आज चोर सापडला नसता आणि पोरगी सापडली असती."

मोठे सर खुर्चीत बसले होते. मिस्त्रीने दोरी पुन्हा खिशात घातली.

६

पाच वाजता यादी लागली. चाळीस नंबर. बोर्डासमोर रडारड, मिठ्या, फोन. मोठ्या सरांनी राजीनामा लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला होता, पेपरवेटच्या बरोबर मध्याखाली.

मुलीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. मग रेकॉर्ड रूमच्या दारात आली.

"आजी, चारशे सतरा नाहीये."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नळी, चष्मा, वसाहत, सामानाची खोली, आपला नियम, आपली वही. अडीच वाजता लोटलं नाही ते दारसुद्धा. सांगताना त्यांना वाटलं होतं, पोरगी ओरडेल, वहीचं पान फाडेल. फाडलं असतं तर बाईंनी हात धरला नसता.

मुलगी पिशवीच्या बंदाला गाठी मारत आणि सोडत ऐकत राहिली.

"चित्र कसं होतं?" शेवटी तिने एवढंच विचारलं.

बाईंना हायसं वाटलं. देण्यासारखं एक तरी होतं त्यांच्याकडे. "पहिलं होतं, बाळ. नऊशेंत पहिलं. एवढे मोठे आर्किटेक्ट, ते म्हणाले, असा उजेड मलासुद्धा काढता येत नाही."

मुलीच्या हातातली गाठ अर्धीच राहिली.

"हे नव्हतं सांगायचं, आजी."

"अगं, खरं आहे ते. मी काय तुझी समजूत घालायला..."

"वाईट होतं म्हणाला असतात तर मी घरी जाऊन झोपले असते. आता त्याच खोलीत पडून दाराची फट बघायची, आणि रोज हे आठवायचं."

ती उठली. खुर्ची जागेवर सरकवली.

"दुकान नऊला उघडतं. निघते."

ती दाराबाहेर गेली, तशा बाई उठून दारापर्यंत आल्या. त्यांच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं, चांगलं, शहाणपणाचं, धीराचं. हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं त्यांनी.

ते वाक्य त्यांनी गिळलं. दुपारी अडीच वाजता एवढंच जमायला हवं होतं.